पुरायची बाटली

तरंगतं ते मेलेलं आणि चिकटलेलं ते जिवंत. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच हा धडा मिळतो. फ्लास्कच्या तळाला ज्या पेशी घट्ट धरून बसतात त्या ठेवायच्या, वरचं पाणी तरंगत्या कचऱ्यासकट काढून टाकायचं, ताजं पोषणपाणी घालायचं आणि झाकण लावायचं. यकृताच्या पेशींबरोबर मी बारा वर्षं हेच केलं. झोपेतून उठवून हातात नळी दिली असती तरी केलं असतं. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, पीएच.डी.ची मुदत संपत आलेली असताना, मी नेमक्या अशा पेशींच्या मागे लागले होते ज्यांचं सगळं उलटं. मास्ट पेशी तरंगत जगतात. तळाला चिकटतात त्या दुसऱ्याच, नको असलेल्या. इथं पाणी जपायचं आणि फ्लास्क फेकायचा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पण वही वाचतं डोकं, आणि काम करतात हात. माझ्या हातांनी ती वही कधी वाचली नव्हती.

मास्ट पेशी म्हणजे काय हे आईला समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. अंगावर पित्त उठणं ही आमच्या घराण्याची जुनी खोड आहे. आजोळी होतं, आईला आहे, मला आहे. आईच्या अंगावर एकदा लाल गांधी उठायला लागल्या की ती पदर सोडून आमसुलाचं पाणी चोळत बसते, आणि धारमध्ये मनासारखं आमसूल मिळत नाही म्हणून साऱ्या माळव्याला नावं ठेवते. मी तिला सांगितलं, कातडीखाली काही पेशी पोटात बारीक बारीक पुड्या घेऊन बसलेल्या असतात. काहीतरी खटकलं की पुड्या फोडतात, त्यातलं द्रव्य बाहेर येतं आणि आपण खाजवत सुटतो. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आमसुलानं त्या पुड्या फुटायच्या थांबतात का ते बघ की, तेवढी शिकलीस तर.

ती चेष्टेत म्हणाली, पण माझा विषय तोच झाला. देवासच्या ज्या फार्मसी कॉलेजात मी शिकवते, तिथलेच एक सर माझे मार्गदर्शक. त्यांनी नाव जरा भारदस्त करून दिलं आणि समितीनं मान्यही केलं.

आता मास्ट पेशी काही बाजारात किलोवर मिळत नाहीत. माणसाच्या हव्या असतील तर एक रस्ता नाळेच्या रक्तातून जातो. बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेकडच्या भागात जे रक्त उरतं त्यात कोवळ्या मूळ पेशी असतात. त्यांना योग्य ती वाढीची द्रव्यं देत आठ-नऊ आठवडे सांभाळलं, की त्यांतल्या काहींच्या मास्ट पेशी होतात. दर आठवड्याला तरंगत्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये न्यायच्या, मोजायच्या, वहीत लिहायच्या. दोन महिने. लहान मूल सांभाळण्यासारखंच, फक्त हे मूल रडत नाही, त्यामुळे काही बिघडलं तर कळत नाही.

माझे दोन प्रयत्न वाया गेले होते. पहिल्या वेळी रक्त पिशवीतच गोठलं. दुसऱ्या वेळी पाचव्या आठवड्यात बुरशी आली, कापसासारखी, आणि मी अख्खा रविवार कोणाशी बोलले नाही. मुदतवाढ एकदा मिळाली होती, दुसरी मिळत नसते. वाढीच्या द्रव्याची एकच कुपी फ्रीजरमध्ये उरली होती, आणि मार्चअखेरीपर्यंत मोजून एकच खेप बसत होती. ही गेली की सहा वर्षं गेली. मुलगा इंजिनिअरिंगला गेला, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी मात्र 'पीएच.डी. चालू आहे' म्हणतच होते. नातेवाईकांनी विचारायचंही सोडलं होतं, आणि तेच जास्त झोंबायचं.

अशात मार्गशीर्षात आईचा धारहून फोन आला. आमच्या गल्लीतल्या काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, दिवस भरत आले आहेत, विचारून बघ. तिचं नाव जिथं घातलं होतं त्या धारच्या प्रसूतिगृहाची परवानगी मी आधीच काढून ठेवली होती. कॉलेज आटपून मी दुपारच्या बसनं निघाले, इंदूरला गाडी बदलली आणि थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन धारला पोचले.

काकू म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेली बाई. तीस वर्षं खिडकीमागं बसून लोकांच्या अर्जांतल्या चुका काढलेल्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि नजर करडी. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं, कधीकाळी संस्थानच्या दफ्तरात आलेलं आणि मग इथलंच झालेलं. घरात अजून 'यावे, बसावे' असं मराठी, आणि दारावर भाजीवाला आला की अस्सल माळवी. त्यांच्या लेकीनं माझं सगळं म्हणणं ऐकलं, फॉर्म हिंदीत होता तो स्वतः वाचला आणि लगेच सही केली. तिला एकच विचारायचं होतं, बाळाला दुखेल का. मी सांगितलं, बाळ तोवर आईच्या कुशीत असतं, बाळातून काहीच काढत नाहीत. ती म्हणाली, मग घ्या की ताई.

काकूंना मात्र ते पटलं नाही. त्यांच्याकडे वार पुरतात. नातवंड झालं की वार दवाखान्यातून मागून आणायची, मडक्यात घालायची, हळदकुंकू वाहून परसातल्या पेरूखाली पुरायची. त्यासाठी त्या डॉक्टरीणबाईंना आधीच बजावून आल्या होत्या. आता वारेतलं रक्त मी देवासला नेणार म्हणजे उरलेली वार अर्धीच की. त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि प्रसूतिगृहाच्या बाकावर त्या मला म्हणाल्या, अर्धी वार पुरून काय उपयोग, जीव कुठं रुजायचा?

माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. आत लेकीला कळा सुरू झालेल्या, बाहेर मी हातात पिशवी घेऊन उभी, आणि ही बाई रुजण्याचा हिशोब मांडते आहे. ते रक्त एरवी कुठं जातं, बादलीतच जातं ना, असं अगदी तोंडावर आलं होतं. आईनं माझा दंड असा काही दाबला की मी गप्प बसले.

काकूंनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ने," त्या म्हणाल्या. "पण एक कर. त्यातलं जे काही उरेल, टाकायचं असेल, ते मोरीत जायचं नाही. मातीत जाईल. शब्द दे."

मी शब्द दिला. खरं सांगते, तो देताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं. त्या वेळी कोणी मला टेकडीवरच्या देवीला दंडवत घालत जायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी नाळेतून पिशवी छान भरून दिली. पिशवी डब्यात ठेवली, डब्याला आईनं तिच्या बाग गावच्या छपाईच्या जुन्या ओढणीनं करकचून गाठ मारली, आणि पहाटेची पहिली बस धरून मी निघाले. शेजारच्या बाईनं घाटाबिल्लोद येईपर्यंत दम धरला, मग विचारलंच, की डब्यात मावा आहे का. मी औषध म्हटलं. तिचा काही विश्वास बसला नाही.

देवासला पोचल्या पोचल्या कामाला लागले. रक्त जड द्रवावर अलगद सोडून फिरवलं की मधे सायीसारखी पांढरी कडी येते, ती उचलायची. कडी सुरेख आली. त्यातून मूळ पेशी वेगळ्या केल्या, फ्लास्कमध्ये घातल्या, वाढीचं द्रव्य घातलं. उरलेला लाल गाळ फेकायला मी ब्लीचची बरणी पुढं ओढली, कारण आमच्याकडे टाकायचं पाणी सगळं तिथंच जातं आणि ब्लीच पडलं की त्यातलं जे जिवंत असेल ते जागच्या जागी मरतं. मग बरणी मोरीत रिकामी करतात.

मोरी म्हटल्यावर माझा हात थांबला. काकूंची नजर आठवली. मी म्हटलं, मरू दे, शब्द दिलाय तर दिलाय. पोषणपाण्याची एक रिकामी, निर्जंतुक बाटली घेतली आणि सगळं तिच्यात काढलं. माणसाचं रक्त तसंच मातीत टाकायचं नसतं, एवढं मलाही कळतं. म्हणून नियम असा ठरवला की आठवडाभर जे काही टाकायचं ते या बाटलीत जमा करायचं, शनिवारी ती वाफेच्या भट्टीतून काढायची म्हणजे आतलं सगळं मरून निर्धोक होईल, आणि मग कॉलेजामागच्या कडुलिंबाखाली खड्डा करून आतलं पुरायचं. पुढच्या आठवड्याला नवी बाटली. भट्टी बघणारे आमचे भिया, म्हणजे माळवीत भाऊ, सोनकच्छहून रोज बसनं येतात, निवृत्तीला आलेले. त्यांना मी सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी बाटलीवर पट्टी चिकटवली आणि हिंदीत लिहिलं, गाड़ने वाली. आम्ही तिला पुरायची बाटली म्हणायला लागलो.

सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. पेशी वाढत होत्या, गोल, चकचकीत, तरंगत. दर शनिवारी सकाळी त्या काढायच्या, फिरवून तळाशी बसवायच्या, ताज्या पाण्यात नव्या फ्लास्कला द्यायच्या. वरचं उरलेलं पाणी बाटलीत, जुन्या फ्लास्कचा तळ खरवडून तोही बाटलीत. सहाव्या आठवड्यात रंग टाकून बघितलं तर दहातल्या चारेक पेशींच्या पोटात पुड्या दिसायला लागल्या होत्या. मी घरी येऊन शिरा केला. कोणी का म्हणून विचारलं नाही, सगळ्यांनी खाल्ला.

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी सरांच्या नजरेला बाटली पडली. सर तसे भले माणूस, पण शिस्तीचे फार. कडुलिंबाखाली मी आणि भिया खुरपं घेऊन बसतो ही बातमी त्यांच्या कानावर आली होतीच. त्यांनी बाटली उचलली, पट्टी वाचली आणि दोन विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, "मैडम, यह लैब है या श्मशान?"

मी बाटली घेऊन परत जागेवर ठेवली. ते पुढे म्हणाले की नियमाप्रमाणे भट्टीही चालते हे मान्य, पण सगळ्या लॅबची एक पद्धत असते. सोमवारपासून सगळं ब्लीचमध्ये गेलं पाहिजे. आणि या वयात हे असलं करत बसण्यापेक्षा प्रबंधाची प्रकरणं लिहिलेली बरी. हे 'या वयात' मला इतकं लागलं की रात्री पोळ्या लाटताना मी तीन पोळ्या जाळल्या.

शनिवारी सकाळी हुडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीसमोर, बसले ती सरांशी भांडतच. म्हणजे तोंड बंद, मास्क लावलेला, पण डोक्यात मी त्यांना एकेक मुद्दा काढून सुनावत होते. या वयात म्हणजे कोणत्या वयात? तुमच्या वयात तुम्ही ताईत बांधता त्याचा विषय मी कधी काढला का? मी शब्द दिलाय, आणि सोमवारपासून म्हणालात ना, आज शनिवार आहे, आजचं पाणी बाटलीतच जाईल. मुद्दे फार छान सुचत होते. हात आपले आपलं काम करत होते. बारा वर्षांचे शिकलेले हात. फ्लास्कमधलं पाणी ओढलं, पुरायच्या बाटलीत सोडलं. तळ हलकेच धुतला, ते पाणीही बाटलीत. ताजं पोषणपाणी घातलं, वाढीच्या द्रव्याचा शेवटचा वाटा घातला, झाकण लावलं, फ्लास्क उबेत ठेवला. मग खाली वर्गावर गेले आणि तासभर शिकवलं. वर्गात मला त्या दिवशी विशेष हुरूप होता.

परत येऊन वही उघडली. तारीख लिहिली, सातवा आठवडा लिहिलं. पुढचा रकाना पेशींच्या संख्येचा. तिथं काय लिहायचं म्हणून मी पेन धरून बसले, आणि मला आठवेना की मी मोजल्या कधी. मोजल्याच नव्हत्या. मोजायच्या तर आधी फिरवायच्या असतात. मी फिरवल्याही नव्हत्या. आज मशीनचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

फ्लास्क काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तळाला हातपाय पसरून बसलेल्या त्या नको असलेल्या पेशी, ताज्या पाण्यात अगदी मजेत. वर काही नाही. एकही गोल, चकचकीत, तरंगती पेशी नाही. सात आठवड्यांच्या माझ्या मास्ट पेशी मी स्वतःच्या हातानं कचरा म्हणून काढून टाकल्या होत्या, आणि नको होतं ते जपून उबेत ठेवलं होतं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जीभ टाळूला चिकटली. पहिला विचार आला तो ब्लीचच्या बरणीचा, इतकी ती सवयीची. मी बरणीकडे बघितलं, पिवळं पाणी, आणि संपलं सगळं असं म्हणून खाली बसले. काही क्षण खरंच बसले. मग आठवलं की त्यात मी आज काहीच टाकलेलं नाही. पाणी बाटलीत आहे. भांडून, हट्टानं, सरांच्या नाकावर टिच्चून बाटलीत टाकलंय. बाटली या आठवड्याची नवी, निर्जंतुक होती, झाकण लावलेलं होतं, ब्लीचचा थेंब नव्हता. पेशी जिवंत असू शकतात.

मी उठून हुडमध्ये बघितलं. बाटली नव्हती.

शनिवार. भिया शनिवारी बाटली भट्टीला नेतात. मीच लावलेला नियम.

भट्टीची खोली कॉरिडॉरच्या पार टोकाला आहे. या वयात मी तो कॉरिडॉर ज्या वेगानं पार केला तो सरांनी बघायला हवा होता. भट्टीचं झाकण बंद दिसलं आणि माझ्या तोंडून आईची हाक निघाली. भिया दाराशी स्टुलावर बसले होते, हातात कागदाच्या बशीत पोहे, वर शेव. माझा चेहरा बघून ते बशीसकट उभे राहिले.

मला धाप लागली होती. मी नुसतं भट्टीकडे बोट दाखवलं.

"अभी कहाँ, मैडम," ते म्हणाले. "पहले पोहा, फिर भट्टी."

आणि त्यांनी पायानं स्टुलाच्या मागची जाळीची टोपली पुढं सरकवली. टोपलीत चार काचेच्या नळ्या, दोन चंचुपात्रं आणि पुरायची बाटली.

भिया घरून पहिल्या बसनं निघतात, उपाशी. अकराला गेटवर पोहेवाला येतो, तोवर ते भट्टी पेटवत नाहीत, कारण एकदा पेटवली की तिच्यापाशीच थांबावं लागतं. या त्यांच्या रीतीवरून मी त्यांना निदान दहा वेळा बोलले असेन. मागच्याच महिन्यात मी म्हणाले होते की कॉलेज तुमच्या पोटावर चालतं का. त्या दिवशी चाललं. मी बाटली उराशी धरली आणि भियांना म्हणाले की यापुढे मी तुम्हाला पोह्यांवरून काही बोलले तर माझ्या थोबाडीत मारा. ते बिचारे गोंधळले. काय झालं ते त्यांना नीटसं मी दुपारी सांगितलं.

आधी काम. बाटलीतलं सगळं पाणी नळ्यांत वाटून फिरवलं. नळीच्या टोकाला फिकट पांढरा ठिपका बसला, तांदळाच्या कणीएवढा. तो ताज्या पाण्यात सोडला आणि त्यातला एक थेंब घेऊन निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग पिते आणि निळी होते. जिवंत पेशी पीत नाही, ती पांढरीच राहते. मी डोळा लावायच्या आधी पुटपुटले, कोणाला ते माहीत नाही, आईला, देवीला, काकूंना, कोणालातरी. मग बघितलं.

निळ्या होत्या, पण थोड्या. बाकीच्या पांढऱ्या. पांढऱ्या, गोल, चकचकीत, जशाच्या तशा. मी एकदा मोजल्या, परत मोजल्या, आणि मग मोजणं सोडून नुसतीच बघत बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात, माझा तर दाणकन आवाज करून पडला. मी तिथल्याच स्टुलावर बसून रडले, मोठ्यानं, मास्क भिजेपर्यंत. मागोमाग येऊन दारात थांबलेल्या भियांनी काही न विचारता बशीतले उरलेले पोहे माझ्यापुढे सरकवले, लिंबू पिळलेले, गार झालेले. लॅबच्या बाहेर पायरीवर बसून मी ते सगळे खाल्ले.

वाढीच्या द्रव्याचा शेवटचा वाटा चुकीच्या फ्लास्कमध्ये गेला होता. तो फ्लास्क ताज्या पाण्याचाच होता, म्हणून त्यातलं पाणी काढून, बारीक गाळणीतून गाळून, माझ्या पेशींना दिलं. हे काही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे ताट वाढलेलं असलं आणि पाहुणा चुकीच्या पाटावर बसला तर ताट सरकवतात, स्वयंपाक पुन्हा करत नाहीत.

सरांना मी सोमवारी सकाळी स्वतः जाऊन सांगितलं. लपवण्यासारखं खूप होतं, पण लपवलेलं वहीत कुठं लिहायचं? त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले की तुम्ही शुक्रवारीच माझं ऐकलं असतं तर आज काय झालं असतं. मी म्हटलं, सर, तोच विचार करून मला दोन दिवस झोप नाही. ब्लीचचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही, आणि आता त्यांच्या सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना ते सांगतात, की टाकायचं पाणी पेशी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मारायचं नाही. हा नियम आपलाच असल्यासारखं सांगतात. सांगोत बापडे.

नवव्या आठवड्यात काचपट्टीवर पेशी पसरल्या आणि टोल्युडिन ब्लू टाकला. हा रंग निळा, पण मास्ट पेशीच्या पुड्यांना लागला की जांभळा होतो. सगळं क्षेत्र जांभळं दिसत होतं, काठोकाठ भरलेलं. सर दोन मिनिटं डोळा लावून उभे राहिले, मग भियांनाही बघायला बोलावलं. आमसुलाचं उत्तर हो आणि नाहीच्या मधे कुठंतरी आलं, आईला ते मुळीच आवडलं नाही, पण उत्तर आलं ते खरं आलं. मार्चअखेरीला प्रबंध दिला. मेमध्ये तोंडी परीक्षा झाली. घरी आल्यावर सासूबाईंनी मला गूळ दिला आणि म्हणाल्या, संपलं एकदाचं. मी म्हटलं, संपलं हो.

पण पुरतं संपलं नव्हतं. प्रयोग झाल्यावर फ्लास्कमध्ये थोड्या पेशी उरल्या होत्या. त्या भट्टीतून काढून छोट्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या, कडुलिंबाखाली पुरायला. पुरवेना. जूनच्या सुरुवातीला आईनं कळवलं की काकूंची नात उष्टावणासाठी आजोळी आली आहे, तुलाही बोलावलंय. मी बाटली पर्समध्ये टाकली आणि धारची बस धरली.

मुलगी गुटगुटीत झाली होती. मामाच्या मांडीवर बसून तिनं चांदीच्या वाटीतली खीर चाटली आणि उरलेली मामाच्या सदऱ्याला लावली. जेवणं झाल्यावर मी काकूंना परसात नेलं आणि सगळं सांगितलं. शब्द देताना मी घड्याळाकडे बघत होते हेही सांगितलं. चूक सांगितली, बाटली सांगितली, पोहे सांगितले. तुम्ही घेतलेल्या शब्दानं माझी सहा वर्षं वाचली, काकू, असं म्हणून मी पर्समधली बाटली पुढे धरली.

त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. 

"लेकीच्या वेळची वार दवाखान्यानं कुठं टाकली, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. आत्तापर्यंत दर वाढदिवसाला ते आठवतं."

मग स्वतःच खुरपं आणलं. पेरूखालची माती उन्हानं दगडासारखी झाली होती, तांब्याभर पाणी ओतून मऊ करावी लागली. मडकं जिथं पुरलं होतं त्याच्या शेजारी मी वीतभर खड्डा केला आणि बाटली रिकामी केली. काकूंनी माती लोटली, तळव्यानं थापली, चिमूटभर हळदकुंकू टाकलं.

"आता पुरी झाली," त्या म्हणाल्या.

माझे हात चिखलानं भरले होते. धुवायला म्हणून मी उठून मोरीकडे निघाले, तर त्यांनी मागून हाक मारली. तांब्यात अजून पाणी होतं. त्यांनी तो तिरका धरला आणि म्हणाल्या, "तिकडे नको. इथंच धू, झाडाला."